पोट भरते, पण भूक का भागत नाही?

काही मुलांची भूक जेवून उठल्यावरही शमत नाही. घरचे त्यांना खादाड म्हणतात, नातेवाईक आईला बोल लावतात. पण जठर आणि आतडी यांच्याकडून मेंदूला जाणारे निरोपच चुकत असतील तर?

आपल्याकडे गुटगुटीत बाळाचे फार कौतुक. बाळसे धरलेले मूल दिसले की शेजारीणपाजारीण गाल ओढते, आजी दृष्ट काढते. तेच मूल सातआठ वर्षांचे होऊन पंगतीत चौथ्यांदा जिलेबी मागू लागले की कौतुक आटते. ‘किती खातोय बघा’, ‘आईने लाडावून ठेवलाय’, ‘जिभेवर ताबा नाही’ अशी कुजबुज सुरू होते. शाळेत टोपणनाव पडते. घरात डबे वरच्या फळीवर जातात आणि रात्री भांड्यांचा आवाज झाला की सगळे जागे होतात.

यातल्या बहुतेक मुलांचे कारण साधेच असते, हे आधीच सांगितलेले बरे. तळलेले पदार्थ, गोड पेये, तासनतास टीव्ही आणि मोबाइल, मैदानाशी तुटलेले नाते. त्यांना शिस्त लावली, आईवडिलांनी स्वतः खाण्याची पद्धत बदलली, तर फरक पडतो. परंतु थोडी मुले अशीही असतात, की ज्यांच्या बाबतीत रागावणे, मारणे, उपाशी ठेवणे, देवाला नवस बोलणे यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही. त्यांच्या शरीरात भूक लावणारी यंत्रणा जन्मापासूनच बिघडलेली असते. हा बिघाड जनुकांत असतो. तो पोटाच्या आणि मेंदूच्या संवादात कसा उतरतो, हे गेल्या तीस वर्षांत बरेच उलगडले आहे.

मुंबईत आलेली रुग्ण

११ फेब्रुवारी २०१७ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरातून एक महिला मालवाहू विमानाने मुंबईत आणली गेली. वय छत्तीस, वजन सुमारे पाचशे किलो. वर्षानुवर्षे तिने घराबाहेर पाऊल टाकले नव्हते. सैफी रुग्णालयात तिला क्रेनने उचलून आत न्यावे लागले. ते दृश्य देशभरातल्या वाहिन्यांनी दाखवले आणि घराघरांत एकच प्रश्न विचारला गेला, की ही बाई खात तरी काय असेल?

७ मार्चला डॉ. मुफझ्झल लकडावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया केली. त्याच सुमारास तिच्या रक्ताच्या जनुकीय तपासणीचा निष्कर्ष आला. लेप्टिन नावाच्या संप्रेरकाचा निरोप मेंदूत ज्या ग्राहकाला मिळतो, तो ग्राहक बनवणाऱ्या जनुकात दोष होता आणि तो आई व वडील या दोघांकडूनही आलेला होता. म्हणजे ‘काय खात असेल’ हा प्रश्नच उलटा होता. तिच्या मेंदूला ‘शरीरात चरबी पुरेशी आहे, आता थांब’ हा निरोप कळतच नव्हता. बाहेरून प्रचंड दिसणारे ते शरीर आतून, मेंदूच्या हिशोबाने, कायम उपाशी होते.

पुढे तिचे वजन निम्म्याहून खाली आल्याचे रुग्णालयाने सांगितले, नातेवाइकांनी त्या आकड्यांवर शंका घेतली, वाद झाला. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिचे तिथे निधन झाले. वर्तमानपत्रांना वजनाच्या आकड्यांत रस होता. खरी बातमी मात्र त्या जनुकीय अहवालात होती, आणि ती आतल्या पानांत राहून गेली.

आतड्यांची बोली

भूक पोटात लागते असे आपण म्हणतो. ते अर्धे खरे आहे. भुकेचा कारभार चालतो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या बदामाएवढ्या भागात. पण तो भाग स्वतः ताटात काय वाढले आहे, पोटात किती उतरले आहे, हे पाहू शकत नाही. त्याला खबर द्यावी लागते. ही खबर काही प्रमाणात नसांमार्फत जाते आणि काही प्रमाणात रक्तातून वाहणाऱ्या संप्रेरकांमार्फत, म्हणजे हार्मोनमार्फत.

गंमत अशी, की जगातले पहिले हार्मोन सापडले तेच मुळी आतड्यात. १९०२ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी लहान आतड्यातून निघणारे सिक्रेटिन शोधले. ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी वापरला तो त्यानंतर तीन वर्षांनी. तरीही आतडे म्हणजे अन्न पचवणारी नळी, एवढीच समजूत कितीतरी काळ टिकून राहिली. आज आपल्याला माहीत आहे, की जठर आणि आतडे मिळून शरीरातली सर्वांत मोठी अंतःस्रावी ग्रंथी आहे.

१९७३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी उंदरांना कोलेसिस्टोकायनिन हे आतड्याचे संप्रेरक टोचले, तेव्हा उंदीर लवकर खाणे थांबवू लागले. जेवणातले तूप-तेल आणि प्रथिने लहान आतड्यात पोहोचली की हे संप्रेरक सुटते आणि घास जड वाटू लागतो. आतड्याच्या शेवटच्या टप्प्यातून आणखी दोन संप्रेरके निघतात. एकाचे नाव पीवायवाय, दुसऱ्याचे जीएलपी-१. पहिल्याची ताकद २००२ मध्ये लंडनमध्ये दिसली. निरोगी माणसांना पीवायवाय शिरेतून देऊन पुढे भरपूर जेवण मांडले, तर त्यांनी नेहमीपेक्षा सुमारे तीस टक्के कमी खाल्ले. कोणी त्यांना आवरा म्हटले नव्हते. त्यांना खावेसेच वाटले नाही.

ही सगळी ‘पुरे’ म्हणणारी मंडळी. ‘वाढ’ म्हणणारे संप्रेरक मात्र आजवर एकच नीट माहीत झाले आहे. ते म्हणजे घ्रेलिन. १९९९ मध्ये जपानचे मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी ते उंदराच्या जठरात शोधले. घ्रेलिन जठराच्या वरच्या भागात तयार होते. जेवणाची वेळ जवळ आली की रक्तात त्याचे प्रमाण चढते, जेवण झाले की उतरते. आपल्याला रोज एक वाजता डब्याची आठवण होते, त्यामागे घड्याळाइतकाच या घ्रेलिनचाही हात असतो.

सासूबाई स्वयंपाकघरातून विचारतात, ‘आणखी एक पोळी?’ आणि सून म्हणते, ‘नको, पोट भरलं.’ हे उत्तर तोंडाने दिले जाते खरे, पण ते आतड्यांनी, चरबीने आणि मेंदूने मिळून तयार केलेले असते. ज्याचे हे उत्तर तयारच होत नाही, त्याला ‘नको’ म्हणता येत नाही.

ज्यांना भूक सोडतच नाही

आनुवंशिक स्थूलतेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे प्रॅडर-विली सिंड्रोम. १९५६ मध्ये झुरिचच्या प्रॅडर, लाबहार्ट आणि विली या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. साधारण पंधरा हजार जन्मांमागे एका मुलात तो आढळतो. मुलगा-मुलगी, गरीब-श्रीमंत, कोणताही देश, असा भेद त्यात नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात १६८० च्या सुमारास काढलेले सहा वर्षांच्या एका अतिस्थूल मुलीचे चित्र आहे. स्पेनच्या राजदरबारात ती नवल म्हणून आणली गेली होती. तिला हाच विकार असावा, असे आज अनेक डॉक्टरांना वाटते.

या विकाराची सुरुवात मात्र भुकेने होत नाही, उलट होते. जन्मलेले बाळ कापसाच्या बाहुलीसारखे लुळे असते. रडणे क्षीण, अंगावर पिण्याची ताकद नाही. पुष्कळदा नळीने दूध पाजावे लागते. वजन वाढत नाही म्हणून आई हवालदिल होते. दुसऱ्या वर्षाच्या आसपास ते बाळ भरू लागते आणि घरात आनंद होतो. हा आनंद फार काळ टिकत नाही. खाणे फारसे न वाढताही वजन चढू लागते, मग खाण्याची ओढ वाढते आणि साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास ती अनावर होते. मूल कचऱ्यातले खाते, कच्चे पीठ खाते, गोठवलेले अन्न तसेच चावते, पैसे चोरून दुकान गाठते. खोटे बोलते, पण ते फक्त अन्नासाठी.

दोष असतो पंधराव्या गुणसूत्राच्या एका लहान तुकड्यात. तो तुकडा वडिलांकडून आलेला असेल तरच काम करतो. आईकडून आलेली प्रत निसर्गतःच गप्प असते. सुमारे सत्तर टक्के रुग्णांत वडिलांकडचा तुकडा गळालेला असतो. बहुतेक उरलेल्यांत पंधरावे गुणसूत्र दोन्ही वेळा आईकडूनच आलेले असते. यात कोणाची चूक नसते. गर्भारपणात ग्रहण पाहिले, पपई खाल्ली, कोणाची नजर लागली, यांपैकी कशाचाही याच्याशी संबंध नाही. बहुतेक कुटुंबांत पुढच्या मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते.

आता घ्रेलिनकडे येऊ. साधारणपणे लठ्ठ माणसाच्या रक्तात घ्रेलिन सडपातळ माणसापेक्षा कमी असते. शरीर जणू म्हणते, साठा भरपूर आहे, भूक कशाला लावू? २००२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी प्रॅडर-विलीच्या रुग्णांचे रक्त तपासले. त्यांचे घ्रेलिन तितक्याच लठ्ठ असलेल्या इतर माणसांच्या साडेचारपट निघाले. वाटले, चोर सापडला! जठर अखंड ‘वाढ, वाढ’ म्हणून ओरडते आहे, ते गप्प केले की काम झाले.

विज्ञानात असे सरळ क्वचितच घडते. ऑक्ट्रिओटाइड या औषधाने रुग्णांचे घ्रेलिन खाली आणले गेले. घ्रेलिन उतरले, पण भूक होती तिथेच राहिली. पुढे असेही दिसले, की या विकाराच्या तान्ह्या बाळांतही घ्रेलिन वाढलेले असते. ज्या वयात ते धड दूधही पीत नाहीत, त्या वयात! म्हणजे घ्रेलिन या कथेत आहे, पण एकटे तेच खलनायक नाही. पीवायवायबद्दलचे निष्कर्ष तर एकमेकांशी जुळतही नाहीत. दुसरीकडे, नेदरलँड्सच्या संशोधकांना १९९५ मध्ये या रुग्णांच्या हायपोथॅलॅमसमध्ये ऑक्सिटोसिन तयार करणाऱ्या पेशी बऱ्याच कमी आढळल्या होत्या. दोष बहुधा निरोप देणाऱ्यात कमी आणि निरोप ऐकणाऱ्यात जास्त आहे. ज्या घरातला कर्ता माणूसच बहिरा, तिथे टपालवाला बदलून काय होणार?

या मुलांबाबत एक गोष्ट प्रत्येक पालकाला ठाऊक हवी. त्यांना वेदना कमी जाणवतात आणि उलटी सहसा होत नाही. भरमसाट खाल्ल्याने जठर ताणून फाटल्याच्या आणि घाईने गिळताना घास अडकून दगावल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. म्हणून असे मूल लग्नसमारंभात खूप जेवले आणि नंतर पोट फुगून मलूल पडले, उलटी झाली, तर ‘अपचन झालं असेल, ओवा द्या’ म्हणत घरी थांबू नये. थेट रुग्णालय गाठावे.

दोन मुले आणि एक इंजेक्शन

लेप्टिन हे आतड्याचे संप्रेरक नव्हे. ते चरबीच्या पेशींतून निघते. पण त्याच्यावाचून आतड्यांचे बोलणेही मेंदूला नीट उमगत नाही, म्हणून त्याची हकीकत येथे सांगायलाच हवी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी १९९४ मध्ये ते शोधले. तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, केंब्रिजचे डॉ. स्टीफन ओराहिली आणि डॉ. सदफ फारूकी यांच्या गटाने दोन चुलत-मावस नात्यातल्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. कुटुंब मूळचे पाकिस्तानचे, ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले, लग्ने नात्यातली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो. दोघांच्याही शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच.

१९९९ मध्ये त्या गटाने नऊ वर्षांच्या मुलीवर लेप्टिनच्या रोजच्या इंजेक्शनचा परिणाम जाहीर केला. वर्षभरात तिचे वजन सोळा किलोंनी उतरले. चालताना दुखणारे पाय मोकळे झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती भावंडांसारखी जेवू लागली. पानावरून स्वतःहून उठू लागली. ज्या मुलीला कालपर्यंत हावरट म्हटले जात होते, तिची हाव एका औषधाने गेली. मग ती हाव तिच्या स्वभावाची होती, की रक्ताची?

२००७ मध्ये डॉ. फारूकी यांच्या गटाने लेप्टिन नसलेल्या दोन रुग्णांना मेंदूच्या तपासणीत अन्नाची चित्रे दाखवली. उपचारापूर्वी नुकते जेवण झाले असतानाही चित्र पाहून मेंदूतला हवेपणाचा भाग तितकाच पेटत होता, जितका उपाशी असताना. सात दिवस लेप्टिन दिल्यावर भरल्या पोटी तो शांत राहू लागला. आतड्यांचा ‘पुरे’ हा निरोप आता कुठे ऐकू येऊ लागला होता.

असे विकार अत्यंत दुर्मिळ असले, तरी नात्यातल्या लग्नांत त्यांची शक्यता वाढते. कारण तोच दोष आई आणि वडील दोघांकडे असण्याचा संभव असतो. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत कित्येक समाजांत आजही मानाची समजली जाते. अशा घरात वर्षाच्या आतच मूल बेसुमार वाढू लागले आणि भुकेने आकांत करू लागले, तर डॉक्टरांना नात्यातल्या लग्नाची गोष्ट न लाजता सांगावी.

याउलट एमसी४आर नावाच्या जनुकातला दोष एका पालकाकडून आला तरी पुरतो. १९९८ मध्ये तो माणसांत प्रथम सापडला. लहानपणापासून अतिस्थूल असलेल्या मुलांच्या केंब्रिजच्या पाहणीत शंभरातल्या पाचसहा जणांत तो निघाला. ही मुले उंचीनेही थोराड असतात, म्हणून ‘खाते पिते घर’ एवढेच म्हणून सोडून दिली जातात.

आपण सर्वसामान्यांचे काय?

आतापर्यंत सांगितले ते एका जनुकाचे मोठे अपघात. बाकीच्यांच्या लठ्ठपणातही आनुवंशिकता असते, पण ती शेकडो जनुकांत चिमूट चिमूट विखुरलेली. त्यांतले सर्वांत गाजलेले म्हणजे २००७ मध्ये पुढे आलेले एफटीओ. त्याची विशिष्ट प्रत आई आणि वडील दोघांकडून मिळालेले युरोपीय लोक इतरांपेक्षा सरासरी तीन किलोंनी जड निघाले. २०१३ मध्ये लंडनच्या रेचल बॅटरहॅम यांच्या गटाने त्याचा धागा थेट जठराशी जोडला. अशा व्यक्तींमध्ये जेवणानंतर घ्रेलिन इतरांइतके उतरत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे दोघे मित्र एकाच थाळीचे जेवण जेवून उठले, तरी एकाची भूक दुसऱ्यापेक्षा लवकर परतते. यात जो बारीक राहतो तो आपल्या संयमाच्या गोष्टी सांगतो!

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम येथे आठवते. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी, पण चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नाही, असे त्यात दिसले. बारीक दिसणारी पण आतून लठ्ठ. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये त्यांचे आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. एवढ्यावरून कळावे, की नुसता वजनकाटा पाहून आपल्या माणसांची परीक्षा करण्यात अर्थ नाही.

सरड्याच्या लाळेतून आलेले औषध

आतड्यांचे जीएलपी-१ रक्तात दोन मिनिटेही धड टिकत नाही, म्हणून औषध म्हणून ते निरुपयोगी वाटत होते. १९९२ मध्ये अमेरिकेतले डॉ. जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषारी लाळेत त्याच्यासारखेच, पण जास्त टिकणारे द्रव्य सापडले. त्यातून २००५ मध्ये मधुमेहाचे पहिले औषध आले. पुढे लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड निघाले. २०२५ मध्ये वजन कमी करण्यासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात आले आणि हळदीकुंकवातही त्या इंजेक्शनांची चर्चा सुरू झाली.

आनुवंशिक स्थूलतेत ती चालतात का? उत्तर जनुकागणिक बदलते. २०१८ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी एमसी४आर दोष असलेल्या १४ जणांना चार महिने लिराग्लुटाइड दिले. त्यांचे वजन सरासरी सुमारे सात किलोंनी उतरले, दोष नसलेल्यांचे सहा. म्हणजे मेंदूतला एक दरवाजा बंद असला तरी आतड्यांचा निरोप दुसऱ्या वाटेने आत शिरतो. प्रॅडर-विलीच्या मुलांत मात्र याच औषधाने वजनात लक्षणीय फरक पडला नाही.

लेप्टिनच्या मार्गातल्या काही दोषांसाठी सेटमेलॅनोटाइड या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. मुंबईत आलेल्या त्या इजिप्शियन महिलेच्या मृत्यूला तेव्हा तीन वर्षे झाली होती. प्रॅडर-विलीच्या अनावर भुकेसाठीचे पहिले औषध, डायझॉक्साइड कोलीन, अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये मंजूर झाले. वाढीचे हार्मोन या मुलांना पूर्वीपासून दिले जाते. त्याने उंची आणि स्नायू सुधारतात, भूक नाही. जठर लहान करणाऱ्या शस्त्रक्रियेत घ्रेलिन तयार करणारा भाग काढला जातो, तरीही या विकारात तिचा फायदा सहसा टिकत नाही.

बाजारात ‘भूक मारणारी’ चूर्णे आणि थेंब भरपूर मिळतात. त्यांच्या जाहिरातींत आधीचे आणि नंतरचे फोटो असतात, पण त्यांपैकी एकही पंधराव्या गुणसूत्रापर्यंत पोहोचत नाही. पैसे तपासणीसाठी राखून ठेवावेत.

गुढियारीतल्या घरात

समजा, रायपूरच्या गुढियारीत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबात असे मूल आहे. रेल्वे स्टेशनामागची ही वस्ती घाऊक किराणा बाजारासाठी ओळखली जाते. दाराबाहेर पाऊल टाकले की गूळ, पोहे, शेंगदाणे, तेलाचे डबे. सणावारी ठेठरी-खुरमीची ताटे, मंदिरात भंडारा, शेजारी जीव लावणारे. ‘लेकरू भुकेलं दिसतंय’ म्हणून कोणीही हातावर काही ठेवणार. एरवी ज्याला माणुसकी म्हणतात, तीच या मुलाच्या मुळावर येते. शेजाऱ्यांशी बोलायला लाज वाटते म्हणून आई मुलाला घरात कोंडते आणि मग दोघेही कोंडली जातात.

अशा आईवडिलांनी काय पाहावे? पाच वर्षांच्या आत सुरू झालेला अतिलठ्ठपणा आणि सोबत न शमणारी भूक. जन्माच्या वेळी बाळ लुळे होते का, दूध ओढत होते का. हातपाय वयाच्या मानाने फार लहान आहेत का. हाताला किंवा पायाला जास्तीचे बोट होते का, रात्री कमी दिसते का. ही शेवटची लक्षणे बार्डेट-बिडल या दुसऱ्या आनुवंशिक विकारात आढळतात. आणखी एक साधी खूण उंचीची. नुसते जास्त खाऊन लठ्ठ झालेले मूल वर्गात बहुधा उंच असते. लठ्ठ आणि शिवाय ठेंगणे मूल दिसले, तर आधी थायरॉइडसारख्या ग्रंथी आणि मग जनुके तपासायलाच हवीत.

दाखवायचे कुठे? गुढियारीहून मेकाहारा, म्हणजे आंबेडकर रुग्णालय, जवळच आहे आणि टाटीबंधला २०१२ पासून एम्स आहे. तेथील बालरोगतज्ज्ञांना वरच्या सगळ्या गोष्टी जन्मापासून क्रमाने सांगाव्यात. जन्माच्या वेळची कागदपत्रे आणि वाढीचे तक्ते सोबत न्यावेत. प्रॅडर-विलीसाठी रक्ताची विशिष्ट डीएनए तपासणी पुरते, नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. हैदराबादची सीडीएफडी ही त्यांपैकी एक सरकारी संस्था. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात प्रॅडर-विलीसाठी वाढीच्या हार्मोनचा समावेश आहे. त्याखाली मदतीसाठी नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे केईएम आणि हैदराबादची सीडीएफडी आहेत. मुंबईचे केईएम हावडा-मुंबई मार्गावर राहणाऱ्या रायपूरकरांना गाडी न बदलता गाठता येते.

निदान झाले म्हणजे भूक जात नाही. पण घरातले भांडण बदलते. या मुलांना समवयस्कांच्या पाऊणपट किंवा त्याहूनही कमी ऊर्जा लागते, म्हणून मोजून वाढावे लागते. जगभरच्या तज्ज्ञांचा अनुभव असा, की या मुलांना सर्वांत जास्त छळते ती अनिश्चितता. पुढचे खाणे कधी, हे माहीत असेल आणि मधे काहीही मिळणार नाही याची खात्री असेल, तर ती बरीच शांत राहतात. ‘आज एकच लाडू, पण कोणाला सांगू नको’ हा आजोबांचा लाड क्रूर आहे, कारण उद्या ते मूल दिवसभर त्या दुसऱ्या लाडवाची वाट पाहते. स्वयंपाकघराला कुलूप लावणे वाईट दिसते, हे खरे. परंतु ही मुले मोठी झाल्यावर, कुलूप असले की डोके शांत राहते, असे स्वतःच सांगतात. जेवणाच्या वेळांचा कागद भिंतीवर लावावा आणि पाळावा. हातात पैसे देऊ नयेत. शाळेच्या बाईंना, मध्यान्ह भोजन वाढणाऱ्या मावशींना आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विकाराचे नाव न लपवता सांगावे.

नवऱ्याने हे काम बायकोवर टाकून मोकळे होऊ नये. चोवीस तास पहारा एकट्या माणसाने होत नाही. धाकट्या भावंडाने कुरमुरे मागितले तर त्यालाही कुलूप उघडून, दुसऱ्या खोलीत द्यावे लागतात. त्याच्या तक्रारीही कोणीतरी ऐकायला हव्यात.

दिवाळीचा फराळ या घरात जमत असेल, तर त्या मुलाच्या वाट्याची चकली आणि शंकरपाळी आधीच मोजून त्याच्या नावाच्या डब्यात भरावी, कोणत्या दिवशी किती वाजता ती मिळेल ते कागदावर लिहावे आणि उरलेले डबे चार दिवस शेजारच्या काकूंच्या कपाटात, कुलपात ठेवावेत.